खांद्यावरची थाप

सई आणि निषाद, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. अमरावतीच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मागितलं म्हणून ते छापूनही येईल आणि चार परकी माणसंही वाचतील. त्यांनी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो आहोत असं समजावं. बोलणं तुमच्याशी आहे.

आत्ताच का, तर कारण निषाद. त्याने तिकडे टोरांटोत गिटार घेतली आणि मला विचारलं, "आजी, यात कोणता पिकअप बसवू?" सोबत कुठल्याशा दुकानाचं पान पाठवलं. मी चष्मा लावून ते पान शेवटपर्यंत वाचलं. त्यात इतके प्रकार होते की माणसाने गिटार शिकायची सोडून जन्मभर पिकअपच निवडत बसावं. त्यावर मेलबर्नहून सईने तोंड घातलं, "आजीला कसं माहीत असणार? आजी तर काउंटरवर बसायची ना?"

सईबाई, काउंटरवर बसायचे हे खरं. पण काउंटरच्या खाली काय होतं ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. खाली सोल्डरिंग आयर्न होतं, बारीक करवत होती, वायरींची वेटोळी होती, आणि एका डब्यात दंतवैद्याकडचा छोटा आरसा होता. तो गिटारीच्या पोटात घालून आत काय चाललं आहे ते बघायचा. ते सगळं माझं होतं. तुझ्या आजोबांना त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायची परवानगी नव्हती, कारण ते वस्तू जागेवर ठेवत नसत. अजूनही ठेवत नाहीत.

अकोल्याला टिळक रोडच्या आतल्या गल्लीत आमचं वाद्यांचं दुकान होतं. सासरे हार्मोनियम दुरुस्त करायचे, आजोबाही तेच करायचे. मी अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पुढे इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली सून. हार्मोनियमच्या घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, पण हवेत होता. मग अकोल्यातल्या कॉलेजच्या पोरांनी गिटारी घ्यायला सुरुवात केली, आणि त्या स्टेजवर नेल्या की कोणाला ऐकू जात नाहीत असं त्यांच्या लक्षात आलं. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पिकअप यायला लागले. प्रत्येकाबरोबर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेला कागद. आजोबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. "हे इंग्रजीत काय बोंबलून राह्यलं ते वाच वं जरा." मी वाचलं, आणि त्या दिवसापासून तो विभाग माझा झाला.

पिकअप म्हणजे काय ते आधी सांगते. निषादला वाटतं त्याला माहीत आहे. त्याने तरीही वाचावं.

साधी गिटार म्हणजे लाकडाची पोकळ पेटी. तार हलते, तिची थरथर घोडीतून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीतून, लाकडात उतरते, आणि लाकूड हवा हलवतं. खोलीत तेवढं पुरतं. मैदानात पुरत नाही. मग तो आवाज विजेत बदलून मोठ्या भोंग्याला द्यावा लागतो. ते काम करणारा कान म्हणजे पिकअप. आता हा कान कुठे लावायचा, एवढाच सगळा प्रश्न आहे.

समजा एका घरात भांडण चाललं आहे आणि तुम्हाला ते ऐकायचं आहे. एक माणूस दारात उभा राहतो. त्याला फक्त सासूबाईंचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, कारण त्या दारापाशीच बसल्या आहेत. हा चुंबकाचा पिकअप. तो गिटारीच्या गोल तोंडात बसतो आणि पोलादी तारांखेरीज कोणाचंही ऐकत नाही. दुसरा माणूस सासूबाईंच्या खाटेखाली लपतो. त्याला शब्दन् शब्द कळतो, पण सगळं जरा नाकातून बोलल्यासारखं. ही घोडीखाली सरकवायची चपटी पट्टी. तिसरा म्हणजे शेजारीण. ती भिंतीला कान लावते. तिला भांडणही कळतं, आपटलेली भांडीही कळतात, कोण पाय आपटत गेलं तेही कळतं. ही लाकडाला आतून चिकटवायची चकती. सगळ्यात खरी हकिकत शेजारणीकडेच मिळते. पण बाहेर लाऊडस्पीकर मोठा असला की भिंतच थरथरते, शेजारीण ऐकलेलं पुन्हा बोलते, बोललेलं पुन्हा ऐकते, आणि मैदानभर कुईं असा आवाज घुमतो. त्याला आमची गिऱ्हाइकं "गिटार भुकते" म्हणायची. शब्द अगदी नेमका आहे.

याशिवाय असते डबी. आवाज कमी-जास्त करायचे, जाड-बारीक करायचे खटके, आत एक बॅटरी, आणि हल्ली सूर जुळला की लागणारा हिरवा दिवा. ही डबी गिटारीच्या बाजूच्या फळीला चौकोनी भोक पाडून बसवतात, वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडे तोंड करून. पोरांना या दिव्याचं भारी वेड. आवाज कसाही येवो, दिवा लागला पाहिजे.

आम्ही दुकानाबाहेर पाटी लावली: "येथे पिकअप बसवून मिळेल." खाली फोन नंबर. वऱ्हाडात पिकअप म्हणजे काय, याचा विचार मी केला नाही, कारण मी त्या दिवसांत इंग्रजी कागद फार वाचत होते. पहिल्याच आठवड्यात फोन आला.

"पिकअप हाय ना जी तुमच्याकडे?"

"आहे."

"कंडिशन?"

"नवा कोरा आहे."

"वजन किती घेते?"

मला वाटलं, गिटार जड होईल अशी काळजी दिसते. मी म्हटलं, "वजनाचं काही नाही हो, तळहातावर मावतो."

पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, मले तेल्हाऱ्याहून कापूस आणाचा हाय. तुमी तळहातावर आणून देता का?"

आजोबा त्यानंतर बरेच दिवस मला "ट्रान्सपोर्टवाली" म्हणत होते. पाटीवर "गिटारला" हा शब्द वाढवला तरी फोन थांबले नाहीत. एकाने विचारलं होतं, गिटारीला टायर कोणते बसवता.

चिखलदऱ्याचे एक हॉटेलवाले होते. पर्यटकांसाठी संध्याकाळी गाणं ठेवायचे. त्यांनी नागपूरहून महागडा चुंबकी पिकअप आणला, स्वतःच बसवला, आणि तावातावाने माझ्याकडे आले. "आवाजच येत नाही. डुप्लिकेट माल दिला मले." मी गिटार हातात घेतली. तारा नायलॉनच्या. मी काउंटरवरचा चुंबक उचलून आधी टाचणीजवळ नेला, मग त्यांच्या शर्टाच्या बटणाजवळ. टाचणी चिकटली, बटण हललं नाही. ते म्हणाले, "म्हणजे माल चांगला हाय?" म्हटलं, "माल चांगला आहे. स्थळ चुकलं." तेव्हापासून मी कुठलाही पिकअप द्यायच्या आधी चौकशी करायला लागले. वाजवता कुठे? शेजारी ढोलकी असते का? भोंगे मागे लावतात की पुढे? बोटांनी वाजवता की चिमटीतल्या पत्तीने? गिऱ्हाइकं वैतागायची. एक पोरगा म्हणाला, "काकू, पिकअप द्या ना, लग्न थोडीच जमवून राह्यलो." मी म्हटलं, "लग्न मोडता येतं. भोक बुजत नाही."

माझा दुसरा नियम याच भोकापायी झाला. तिवशाचा एक कॉलेजातला मुलगा गिटार घेऊन आला, डबी बसवायला सांगितली, मी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्याचे आजोबा हजर. निवृत्त पोस्टमास्तर, धोतर, छत्री. गिटार त्यांची होती हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कापलेला तुकडा असेल ना?" टेबलावर होता. त्यांनी तो रुमालात बांधला, नमस्कार केला आणि परत बसस्टँडवर गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. मग मी ठरवलं, कापायच्या आधी पेन्सिलने चौकोन आखायचा, आणि घरातल्या मोठ्या माणसाने येऊन तो बघितल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही. तुमचे आजोबा म्हणाले, "आता तू मुलगी दाखवाचा कार्यक्रम ठेव." मी ठेवला. चहासकट.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ती हकिकत.

प्रज्ञा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्याबरोबर तिचा भाऊ सुमेध, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. दोघं एक जुनी गिटार घेऊन आले. गिटार त्यांच्या वडिलांची. वडील शाळामास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. एप्रिलमध्ये जयंतीला विहारासमोरच्या मैदानात ते स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. बाकीचे गाणारे पेटीवर म्हणायचे, हे गिटारीवर. कुठल्याशा निवृत्त रेल्वे साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती, आणि एकट्याने शिकले होते. ते गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांची गाणी आता प्रज्ञा म्हणायची.

आदल्या वर्षी तिने गिटारीसमोर माइक ठेवून म्हटली. भोंगे मोठे, माइक जवळ, गिटार इतकी भुकली की साऊंडवाल्याने माइकच काढून घेतला. मग गिटारीचा एक सूर कोणाला ऐकू गेला नाही. या वर्षी समितीच्या लोकांनी तिला प्रेमानेच सांगितलं होतं की बाई, गाणं तू म्हण, पण साथीला कीबोर्डवाला पोरगा बसवतो.

"एकदा कीबोर्ड आला ना काकू, का मंग गिटार काही परत येत नाही," प्रज्ञा म्हणाली. "मंग आमी ती भिंतीवर टांगू, बाबांच्या फोटोशेजारी. हार घालू. झालं."

सुमेधला यावर उपाय माहीत होता. इंजिनिअरच तो. त्याने मोबाइलवर फोटो काढून आणला होता: पट्टी, डबी, हिरवा दिवा. "हे बसवा. बाजूला चौकोन कापा. फिनिश."

मी चौकशी सुरू केली. गुरुजी कसे वाजवायचे? प्रज्ञाने तिच्या फोनवरचं एक रेकॉर्डिंग लावलं. शेजाऱ्याने मैदानात उभं राहून केलेलं. पोरांचा गलका, मध्येच कोणीतरी "बसा ना बे खाली" म्हणतंय, आणि त्या सगळ्यातून गुरुजींचा आवाज. कडवं संपलं की गिटार थांबायची, ते एक-दोन वाक्यं नुसती बोलायचे, आणि त्या बोलण्याखाली सावकाश वाजत राहायचं: ठक. ठक. ठक. मग पुढचं कडवं.

"हे ठक काय आहे?"

"ढोलकी असन," प्रज्ञा म्हणाली. "आमी त दर वर्षी मागं जेवणाच्या पंगतीत राहो, स्टेज कधी दिसलाच नाही."

"पाय आपटत असतील," सुमेध म्हणाला.

ढोलकी नव्हती. ढोलकी मी चाळीस वर्षं विकली आहे. आणि मैदानातल्या मातीवर पाय आपटून असा कोरडा आवाज येत नाही.

"म्हातारे लोक सांगतात ना," प्रज्ञा आठवून म्हणाली, "का गुरुजी बोलताना खांद्यावर थाप द्यायचे. ढोलकीवाल्या काकाले थाप देत असतीन, आता कडवं येते म्हणून."

सुमेधला हे इतकं पटलं की त्याने विहारातल्या सरावात ते करूनही पाहिलं. प्रज्ञाचं कडवं संपलं की हा ढोलकीवाल्याच्या खांद्यावर थाप मारायचा. तिसऱ्या थापेला ढोलकीवाला वळून म्हणाला, "काहून मारून राह्यला बे? माहं काय चुकलं?" हे मला प्रज्ञाने दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन हसत हसत सांगितलं. ठक काही सापडला नाही. जयंती जवळ आली होती. शेवटी दोघांचं ठरलं की ठक राहू दे, तारा ऐकू आल्या म्हणजे पुष्कळ झालं. डबीच बसवायची.

मी नवी डबी काढली, गिटारीच्या मानेजवळ, वरच्या बाजूच्या फळीवर कागदी पट्टी चिकटवली आणि चौकोन आखला. मग म्हटलं, "आता घरातलं मोठं माणूस आणा."

"मीच मोठा आहे," सुमेध म्हणाला.

"तुझी आई?"

"आईला यातलं काय समजते काकू? तिनं कधी गिटारीला हात नाही लावला."

"हात लावायला नाही बोलवत. बघायला बोलवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची आई, विमलमावशी, आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, उन्हाने घामाघूम. आजोबांनी पंखा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी आधी पाणी घेतलं, मग चहा घेतला, मग आमच्या दुकानातल्या पेट्या कोणत्या लाकडाच्या ते विचारलं. सुमेध घड्याळ बघत होता. मी गिटार त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवली.

"हे काहून इतकं चमकून राह्यलं?"

"पॉलिश करून आणली आई. जयंतीसाठी," सुमेध म्हणाला.

"कोणी सांगतलं होतं तुले?" त्यांनी चष्मा चढवला. मग त्यांना तो चौकोन दिसला. "हे काय?"

"इथं भोक पाडायचं आहे मावशी," मी म्हटलं. "त्यात डबी बसेल. मग आवाज भोंग्यातून येईल."

मावशी म्हणाल्या, "मंग पोरगी थाप कुठी मारन?"

कोणाला काही कळलं नाही. मावशींनी उजवा हात पदराखालून काढला, बोटं वाकवली, आणि माझ्या कागदी पट्टीवर, चौकोनाच्या बरोब्बर मधोमध, पेरांनी मारलं.

ठक.

तोच आवाज. कोरडा, खोल, किंचित लाकडी. प्रज्ञाने तोंडावर हात ठेवला. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी हातातली पेटीची पितळी स्वरपत्ती खाली ठेवली, आणि मला आठवतं तसं पहिल्यांदाच, योग्य जागी ठेवली.

"आई!" सुमेध ओरडला. "तुले माहीत होतं?"

"मले काय, साऱ्या गावाले माहीत होतं. खांद्यावर थाप मारे म्हणून सारे सांगूनच त राह्यले होते तुमाले."

"गिटारीचा खांदा?"

"मंग काय तुहा?"

आजोबा इतके हसले की त्यांना बाहेर जावं लागलं. सुमेध लाल झाला. आणि मी, जी इतकी वर्षं गिटारी उघडत होते, जिच्या इंग्रजी कागदात त्या जागेला चक्क खांदाच म्हटलेलं होतं, मीही हसत होते. मराठीत तो शब्द गिटारीसाठी कोणी म्हणेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विहारासमोर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी कोणाचा कागद न वाचता तोच शब्द ठेवला होता. खांद्यासारखा दिसतो म्हणून खांदा. त्यात आणखी काय असणार?

मावशी सांगायला लागल्या. गुरुजींच्या बोलण्याला ढोलकी नको असायची. बोलणं लोकांपर्यंत गेलं पाहिजे म्हणायचे. पण नुसतं बोललं की ताल तुटायचा. म्हणून डावा हात तारांवरून काढून ते खांद्यावर थाप ठेवायचे. "इथं फिकट झालं होतं," मावशी म्हणाल्या, आणि बोट फिरवलं. "या पोराने पॉलिश मारून पुसून टाकलं."

"पण मंग डबी?" सुमेधने विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

डबी तिथेच बसवली असती तर थाप मारायला लाकूडच उरलं नसतं. प्रज्ञाने हिरव्या दिव्यावर थाप मारली असती. आणि घोडीखालची पट्टीही उपयोगाची नव्हती. खांदा घोडीपासून लांब, तिला ठक नीट ऐकू आला नसता. मी पेन्सिलची रेघ पुसली, कागदी पट्टी सोलून काढली, आणि पुन्हा सुरुवातीपासून विचार करायला बसले. तुमच्या आजीला आयुष्यात इतका आनंद फार कमी वेळा झाला आहे.

शेवटी असं केलं. तारांसाठी चुंबक, गिटारीच्या गोल तोंडात, चिमट्याने धरलेला, कधीही काढता येईल असा. तो तारांशिवाय कोणाचं ऐकत नाही, म्हणून भुकतही नाही. आणि थापेसाठी शेजारीण: खांद्याच्या आतल्या बाजूला, मावशींनी दाखवलं त्याच जागेच्या पाठीमागे, एक छोटी चकती. ती चिकटवायला हात गिटारीच्या तोंडातून आत घालावा लागतो. बांगड्या काढून तेवढा माझा हात जायचा. आजोबांचा जात नसे, यावरून मी त्यांना अजूनही चिडवते. डबी गिटारीत नाहीच. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, दोन खटक्यांची: एक तारांचा, एक थापेचा. वायर बाहेर काढायला तेवढी एक जागा लागणार होती. गिटारीच्या बुडाशी पट्टा अडकवायचं बटण असतं, तिथे भोक आधीच होतं. तेच जरा मोठं करावं लागलं असतं. मी मावशींना विचारलं.

"बुडाचं पाडा," मावशी म्हणाल्या. "बूड कोण पाहून राह्यलं?"

बसवलं, आणि दोन्ही खटके एकदम चालू केले तर आवाज पातळ, जीव गेल्यासारखा. एकेकटे चांगले, एकत्र आले की फिके. सुमेधचा चेहरा पुन्हा पडला. याला कारण असतं. एका कानाची वीज भोंग्याला पुढे ढकलते आहे, त्याच क्षणी दुसऱ्याची मागे ओढते आहे. बेरीज होण्याऐवजी वजाबाकी. आजोबा लांबून म्हणाले, "दोघाईचं पटून नाही राह्यलं." मी चकतीच्या दोन वायरी उलटसुलट करून पुन्हा सोल्डरचा डाग दिला. पटलं. घरात असं इतक्या सहज जमत नाही.

जयंतीच्या संध्याकाळी आजोबा आणि मी मैदानात गेलो. तिथला साऊंडवाला तरुण होता, केसांना लाल रंग, आणि त्याने त्याचे दोन मोठे भोंगे प्रज्ञाच्या पाठीमागे उभे केले होते. मी जाऊन म्हटलं, ते जरा पुढे घे, तिच्या ओळीच्या पुढे.

"काकू, तुमी निवांत बसा. साऊंड मी पाहतो."

"बाळा, पाठीमागून भोंगा लावलास तर चकती तोच आवाज पुन्हा ऐकणार आणि भुकणार."

"कोण चकती?"

मी सांगायला सुरुवात केली, सासूबाई, खाट, शेजारीण, आणि दोन वाक्यांत त्याने भोंगे उचलून पुढे ठेवले. ऐकण्यापेक्षा उचलणं सोपं पडलं असावं. कीबोर्डवाला पोरगा तयारीत बाजूला बसला होता. समितीचे अध्यक्ष त्याच्या शेजारी उभे होते.

प्रज्ञा उभी राहिली. पहिलं कडवं झालं. तारा मैदानाच्या टोकापर्यंत, चहाच्या टपरीपर्यंत गेल्या. कुठेही कुईं नाही. मग ती थांबली आणि वडिलांची वाक्यं बोलायला लागली. डावा हात तारांवरून उचलला, वर नेला.

ठक.

पुढच्या रांगेतले म्हातारे आपापसात बोलत होते ते थांबले. ठक. त्यातला एक जण हातातली काठी मांडीवर आडवी ठेवून नुसता समोर बघत बसला. ठक. अध्यक्षांनी खाली वाकून कीबोर्डवाल्याला काहीतरी सांगितलं, आणि त्याने स्टँडचे पाय मिटायला सुरुवात केली.

मी मावशींच्या शेजारी बसले होते. दुसऱ्या कडव्यानंतर त्या माझ्याकडे वाकल्या आणि कानात म्हणाल्या, "जोर जास्त झाला. इतक्या जोरात मारत नोते थे."

मी उठले, स्टेजच्या कडेला गेले आणि प्रज्ञाला खुणेने सांगितलं. तिने कमरेच्या डबीवरचा दुसरा खटका थोडा मागे सरकवला. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. आता बरोबर.

निषाद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. तू गिटार खोलीत वाजवतोस, एकटा, कानाला हेडफोन लावून, आणि शेजारी कोणी तक्रार करेल म्हणून हळू. तुला सध्या कुठलाच पिकअप नको. ज्या दिवशी चार माणसांसमोर वाजवशील त्या दिवशी मला फोन कर. मी तुला विचारेन कुठे, कोणाशेजारी, आणि कसं. मग घरातलं मोठं माणूस म्हणून मला ती गिटार कॅमेऱ्यावर दाखवायची. चहा तू कर.

दुकान आम्ही बंद केलं आणि अमरावतीला राहायला आलो, ते तुम्हाला माहीत आहे. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझ्या हातून किती गिटारींना चौकोनी भोकं पडली ते मोजलेलं नाही, आणि आता त्यातल्या बहुतेक कुठे असतील हेही ठाऊक नाही. डब्या जळल्या असतील, दिवे बंद पडले असतील. तिवशाच्या पोस्टमास्तरांच्या रुमालातल्या तुकड्याचं पुढे काय झालं, ते विचारायचं राहिलं.

प्रज्ञा अजून अकोल्यातच आहे. जयंतीला गाते. मावशी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसतात आणि अजूनही दर वर्षी जोर जास्त झाला म्हणतात. चुंबक नवा घेतला, वायर बदलली, चकतीही मध्ये एकदा सुटली होती ती मी जाऊन पुन्हा चिकटवली. खांद्याची फळी अखंड आहे. सुमेधच्या पॉलिशमधून तिथे पुन्हा एक फिकट डाग दिसायला लागला आहे, प्रज्ञाच्या हाताचा.